कच्चा राब

"वही संस्थेची आहे, यशोधराताई."

"अक्षर माझं आहे."

"अक्षर कोणाचंही असू दे, वही बाहेर न्यायची नसते. पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलं होतंत मला."

"पहिल्या दिवशी मी बरंच काही सांगितलं होतं. तेवढंच नेमकं लक्षात राहिलं."

"मी भांडायला नाही आले."

"मग कशाला आलीस? कान्हे फाट्यावरून आत, टाकव्याच्या पुढं, डांबर संपतं तिथं स्कूटर लावून अर्धा तास चढ चढून? एवढ्या लांब आमच्या वस्तीवर माणूस येतं ते सोयरीक जमवायला, नाहीतर मयताला."

मानसी हसली. भांडता भांडता हसायची तिला सवय होती, आणि तिच्या सगळ्या सवयींत यशोधराला हीच जास्त टोचायची. हसली की ही मुलगी चांगली वाटे, आणि ती चांगली वाटली की तिच्यावर जळणारं माणूस आपोआप वाईट ठरे.

"ताई, लेख जिथं पाठवलाय त्या मासिकानं मूळ नोंद मागितली आहे. ऑगस्टमधल्या त्या बुधवारची. तारीख, वेळ, तापमान. ती फक्त तुमच्या वहीत आहे. मंगळवारपर्यंत नाही दाखवली तर लेख परत येईल."

"नोंद कुणी लिहिली?"

"तुम्ही."

"लेख कुणाचा?"

"माझा. आणि मॅडमचा."

"मग तुमची नोंद तुम्ही दाखवा."

"आभारात पहिलं नाव तुमचं आहे, ताई."

"आभारात. लग्नपत्रिकेत खाली पोरंटोरं छापतात तसं. आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं."

अंगणाच्या पलीकडून यशोधराच्या आईची, भामाबाईची हाक आली. "यशे, कोन आलंय? तिला पानी तरी इचारलं का नुसतीच भांडतीस?"

यशोधरा पाणी आणायला आत गेली. खुंटीवर तिची पिशवी होती, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वही. तीन आठवडे ती वही तिच्याबरोबर लोणावळा ते तळेगाव आणि परत अशी रोज लोकलने फिरत होती. संस्थेत कपाटात ठेवायला मन होत नव्हतं आणि घरी ठेवायला भीती वाटत होती. रविवारी आईकडे भाताच्या रोपांसाठी राब भाजायला यायचं ठरलं, तर वहीही आली.

यशोधरा एक्केचाळीस वर्षांची. ह्याच वस्तीवर जन्मली, ह्याच पायवाटेने शाळेला गेली. आता लोणावळ्यात रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहते. नवरा धम्मदीप खंडाळ्याच्या घाटात रुळांच्या देखभालीवर आहे. ती तळेगावच्या एका संशोधन संस्थेत कॅन्सरच्या पेशी वाढवते. म्हणजे त्यांना वेळेवर खाऊ घालते, दाटी झाली की नव्या बाटलीत हलवते, सदतीस अंशाच्या कपाटात ठेवते आणि बुरशी लागू देत नाही. बी.एस्सी. झाल्यावर एका सुट्टीपुरती ती तिथे काचसामान धुवायला लागली होती. कुणीतरी तिचे हात पाहिले. न थरथरणारे, घाई नसलेले हात. त्यांनी तिला पेशींच्या खोलीत नेलं आणि ती तिथलीच झाली. पुढचं शिकायचं राहून गेलं. ह्यात कुणाचा दोष नव्हता. घरच्यांनी अडवलं नाही, सासरच्यांनी अडवलं नाही. तिने अर्जच केला नाही. त्यामुळे राग धरायला माणूस नव्हतं, आणि वीस वर्षं तो राग नुसता बसायला जागा शोधत हिंडत होता. मग पुण्याहून मानसी आली, सव्वीस वर्षांची, पीएच.डी. करायला.

पेशी कशा धरायच्या ते मानसीला यशोधरानेच शिकवलं. महिन्याभरात मानसीच्या बाटल्याही तितक्याच निरोगी दिसायला लागल्या. हे पहिलं दुःख. दुसरं दुःख म्हणजे मानसी 'का' असं विचारायची. यशोधरा 'कसं' ह्यात तरबेज होती. 'का' तिच्याही मनात यायचं, पण ते मोठ्याने, प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मॅडमसमोर, इंग्रजीत आणि खुर्चीत रेलून विचारता येतं हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. बैठकीत मॅडम मानसीचं नाव किती वेळा घेतात हे ती मोजायला लागली. एकदा नऊ वेळा घेतलं. त्या दिवशी तिने मानसीच्या सवयीची पिपेट धुण्याच्या टबात खाली सरकवून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच शोधून दिली. "थँक्यू ताई, तुम्ही नसता तर," मानसी म्हणाली.

"दिवसात जितक्या वेळा त्या पोरीचं नाव घेतेस," धम्मदीप म्हणाला होता, "तितक्या वेळा माझं लग्नात आग्रह करूनसुद्धा घेतलं नव्हतंस."

"घास खा," ती म्हणाली होती.

मग तो ऑगस्टमधला बुधवार आला. मोठ्या कपाटाच्या दाराचं रबर सैल झालं होतं, ते बदलेपर्यंत बाटल्या दुसऱ्या कपाटात हलवायच्या होत्या. यशोधराने चार बाटल्या पलीकडच्या छोट्या कपाटात ठेवल्या. हिरवा दिवा लागलेला पाहिला आणि दार लावलं. आकडा पाहिला नाही. का नाही पाहिला, ते तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच सकाळी मॅडमनी सांगितलं होतं की मानसी परदेशातल्या परिषदेला जाणार. दीड तासाने तिने दार उघडलं तेव्हा आकडा बेचाळीस होता. दुसऱ्या कुणीतरी आपल्या कामासाठी कपाट तापवून ठेवलेलं.

नियम साधा आहे: बिघडलेल्या पेशी फेकायच्या. यशोधराने फेकल्या नाहीत. तिच्या घरात, चटका बसलेलं भाताचं रोप दुसरी सकाळ पाहिल्याशिवाय उपटत नाहीत. तिने बाटल्या सदतीस अंशावर परत नेल्या, झाकणांवर लाल ठिपका काढला आणि वहीत लिहिलं: 'माझ्या चुकीने चार बाटल्या बेचाळीस अंशावर दीड तास. आकडा पाहिला नाही.' खाली सही. चूक लिहून ठेवायची ही तिची शिस्त होती. वीस वर्षांच्या वह्यांत तिच्या स्वतःच्या सत्तावीस चुका होत्या, प्रत्येकीखाली सही. पिपेटची मात्र नव्हती.

दुसऱ्या दिवशी मानसीने सगळ्याच बाटल्यांत औषध घातलं, लाल ठिपक्यांच्यासुद्धा. शुक्रवारी सकाळी ती सूक्ष्मदर्शकावरून उठली तेव्हा वैतागलेली होती.

"औषध वाया गेलं. ह्या चार बाटल्यांत काही मेलंच नाही."

यशोधराने वाकून पाहिलं. बाकीच्या बाटल्यांत पेशी आकसून, फुटून, मण्यांसारख्या बारीक गोळ्या होऊन तरंगत होत्या. चार बाटल्यांत त्या तळाला चिकटून ऐसपैस पसरलेल्या.

"औषध बरं आहे," यशोधरा म्हणाली. "ह्यांना आधी ऊन लागलंय. आमची आई म्हणते, कच्चा राब भाजण्यापेक्षा न भाजलेला बरा. अर्धवट आगीत तण मरत नाही, शहाणं होतं."

मानसी सूक्ष्मदर्शकाकडून तिच्याकडे वळली. मग म्हणाली, "का?"

पुढचे सात महिने त्या एका 'का'चे होते. पेशीला मरायचा निरोप आतूनच सुटतो. ती बिघडली, म्हातारी झाली, की तिच्या आतल्या ऊर्जेच्या कोठ्यांतून एक प्रथिन बाहेर सांडतं; त्याने कात्रीसारखी दुसरी प्रथिनं जागी होतात आणि पेशी स्वतःला नीट कापून, गाठोडी बांधून, शेजाऱ्याला त्रास न देता निघून जाते. पण पेशीला चटका बसला की हीट शॉक प्रोटीन नावाची मदतनीस प्रथिनं गोळा होतात. वाकडं झालेलं सरळ करणं, कोसळणाऱ्याला टेकू देणं हे त्यांचं काम, आणि ते चांगलंच काम आहे. निरोगी पेशी त्यांच्यावरच जगतात. कॅन्सरची पेशी मात्र त्यांना आपल्या पदरी ठेवून घेते. औषध निरोप सोडतं, कात्र्या उठायला लागतात, आणि ही मदतनीस मंडळी त्यांचे हात धरून ठेवतात. निरोप येऊनही पेशी जागची हलत नाही.

लाल ठिपक्यांच्या बाटल्यांत ही प्रथिनं कित्येक पटींनी वाढलेली निघाली. मॅडम खूश झाल्या. लेख झाला. मासिकाला पाठवलेल्या मसुद्याची प्रत यशोधराने वाचली. त्यात लिहिलं होतं की पेशी 'आधी तापवून घेतल्या'. कुणी, कशा, कोणत्या चुकीने, काही नाही. तिची चूकसुद्धा त्यांनी स्वतःची करून घेतली होती. त्याच संध्याकाळी वही तिच्या पिशवीत गेली.

पाण्याचा तांब्या घेऊन ती बाहेर आली तेव्हा मानसी अंगणात नव्हती. खाली भातखाचराच्या कडेला, राब रचला होता तिथे, भामाबाईशेजारी उकिडवी बसली होती.

"जय भीम, आजी," ती म्हणत होती. म्हणजे तेही आता हिला येत होतं.

"जय भीम, बाय. हिकडं सावलीला ये. ह्यो बग राब. खाली शेन, त्येच्यावर कवळं, म्हंजे डहाळ्यांच्या मोळ्या, मंग पाला, गवत, आन वरनं माती. ह्ये भाजायचं म्हंजे खालची जिमीन तापती, तन मरतंय. मंग हितंच भाताचं रोप."

"आणि अर्धवट भाजलं तर?"

"तर लय वंगाळ. तन मरत न्हाई, उलट शानं व्हतंय. मागल्या साली शेजारच्या केरबाचा राब कच्चा ऱ्हायला, तर त्याच्या खाचरात भात कुटं आन तन कुटं, कळंना."

"आमच्या पेशींचं अगदी तसंच आहे, आजी," मानसी म्हणाली आणि तिने मदतनीस प्रथिनांची सगळी गोष्ट सांगितली. सोपी करून, हातवारे करून, कात्र्या, गाठोडी, धरलेले हात. यशोधरा तांब्या हातात धरून ऐकत होती. इतक्या वर्षांत तिने आईला आपल्या कामातलं एवढं सांगितलं नव्हतं. आई विचारायची, 'काय करतीस ग तितं?' आणि ही म्हणायची, 'तुला नाही कळायचं.'

भामाबाईला सगळं कळलं. "म्हंजे आपला केरबाच की. पंचायतीतनं ऊठ म्हनलं, तो उटतोय बी, पन दोघं त्येच्या बाह्या धरून परत बसवत्यात."

मानसी इतकी हसली की तिला जमिनीला हात टेकावा लागला. "आजी, हे मी परिषदेत सांगणार. भाषणाची सुरुवातच राबापासून करते. चालेल ना?"

"सांग की. माजं काय जातंय."

यशोधराने तांब्या खाली ठेवला. पाणी हिंदकळून मातीत गेलं.

नाव गेलं होतं, ते एक. चूक गेली होती, तेही. आता आईचं बोलणं जात होतं, आणि आई स्वतःच्या हाताने देत होती, वर 'बाय' म्हणून. तिला वाटलं, आपण ह्या पोरीला अजून थोडा वेळ इथे बसू दिलं तर संध्याकाळपर्यंत ही घरातली फुटकं मडकंसुद्धा घेऊन जाईल आणि आपल्याला आभार मानून जाईल.

"यशे, पेटवून घिऊ आता," भामाबाई उठली. "वारं सुटाय लागलंय. मी पान्याची कळशी आन फोक घिऊन येती, ठिनगी उडाली तर असावं."

"आजी, मी पेटवू?" मानसीने विचारलं.

"पेटव की. कुटनं पेटवायचं त्ये यशी दावील." भामाबाई घराकडे चढू लागली.

मावळात राब वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवतात. वारा जिकडे जातोय त्या कडेला काडी लावायची, म्हणजे आग वाऱ्याशी झुंजत, पावलापावलाने मागे सरकते आणि खालची माती खोलवर भाजते. धूर तोंडावर येतो, डोळे चुरचुरतात, पण तसंच करायचं. हे यशोधराला सांगावं लागलं नव्हतं. चालायला लागली त्या वर्षापासून ती ते बघत आली होती.

मानसीने काडेपेटी घेतली आणि अख्ख्या राबाला वळसा घालून वरच्या कडेला गेली. धूर अंगावर येऊ नये म्हणून वाऱ्याकडे पाठ करून वाकली. तिची ओढणी पुढे, राबावर फडफडत होती. तिने ती सावरून कमरेला खोचली. यशोधराचा पदरही त्याच दिशेला उडत होता. एक वाळकं पान राबावरून घरंगळत खालच्या कडेपर्यंत गेलं. दोघींनीही ते पाहिलं.

"ताई, इथून?"

यशोधरा बघत होती. तिच्या तोंडात उत्तर होतं.

"हं," ती म्हणाली.

काडी लागली. गवताने पेट घेतला आणि वाऱ्याने ती आग उचलून नेली. जाळ राबाच्या अंगावरून धावत सुटला, वरचं गवत आणि पाला झरझर चाटत गेला. मानसी मागे सरकली आणि मोबाइल काढून फोटो घेऊ लागली. "केवढं सुंदर," ती म्हणाली. भामाबाई कळशी घेऊन उतरणीवर पोचली तेव्हा जाळ खालच्या बांधाला जाऊन विझत आला होता.

भामाबाई धावली नाही, ओरडली नाही. तिने कळशी ठेवली, फोकाने राखेचा पापुद्रा उकरला. खाली पाला तांबूस, ओलसर. त्याखाली शेण जसंच्या तसं. तिने बोट मातीत खुपसलं.

"गार हाय," ती म्हणाली.

"पण सगळं जळलं ना, आजी?"

"वरनं जळलं. ह्यो कच्चा राब, बाय. मघा सांगितला न्हाई का, त्यो."

मानसीने राबाकडे पाहिलं, मग आपल्या ओढणीकडे, मग वाऱ्याकडे. हुशार मुलगी होती, तिला लगेच कळलं. "मी उलट्या बाजूनं लावलं. माझ्यामुळे झालं. परत रचता येईल? मी थांबते आजचा दिवस, मी मदत करते."

"दोनच गाया हायेत. शेन संपलं, कवळं तोडून झाली. आता ह्यातच पेरायचं आन भादव्यापातूर तन उपटत बसायचं." भामाबाई हात झटकत उठली. "तुजं काय चुकलं न्हाई. वाऱ्याकडं पाठ करून हुबी ऱ्हायलीस, शान्या मानसाला त्येच सुचतंय. तुला कोन सांगनार?"

मग ती लेकीकडे वळली. आवाज चढला नाही.

"यशे, तू हितंच व्हतीस ना? वारं कुटनं हाय, त्ये तुला दिसत नव्हतं?"

यशोधराने पदर खांद्यावरून ओढून घेतला. तो अजून उडत होता.

मानसीला त्या प्रश्नातलं काही कळलं नाही. तिला फक्त एवढंच दिसत होतं की आपल्या हातून ह्या म्हातारीचं वर्षाचं काम बिघडलं आणि ह्या दोघी तरीही आपल्याला बोलत नाहीत. तिचा चेहरा लाल झाला होता. आज पहिल्यांदाच ती हसत नव्हती.

"ताई, मी मॅडमना फोन करते. आत्ताच. तुमचं नाव लेखकांत जायला हवं, आभारात नाही. मी विचारायलाच हवं होतं, मला सुचलंच नाही, खरंच सुचलं नाही. त्या नाही म्हणाल्या तर मी माझंही काढा म्हणेन. आणि राबाचं मी नाही सांगणार, ते तुमचं आहे." तिने मोबाइलवर काहीतरी उघडलं, बोटं राखेने काळी झाली होती. "नाव कसं लिहू? माहेरचं आडनाव की आत्ताचं?"

यशोधरा घराकडे चढून गेली. आतून पिशवी घेऊन आली. प्लास्टिक सोडून वही बाहेर काढली, मानसीसाठी ओट्यावर ठेवली, वाऱ्याने उघडू नये म्हणून तिच्यावर पाण्याचा रिकामा तांब्या ठेवला.

खाली खाचरात दोघी तिच्याकडे बघत उभ्या होत्या. एकीच्या हातात फोक होता, एकीच्या हातात मोबाइल.

"यशे," भामाबाई म्हणाली, "मी काय इचारलं?"

"ताई, आडनाव?"

यशोधराने चपला पायात सरकवल्या, पिशवी खांद्याला लावली आणि ती डांबरी रस्त्याकडे जाणाऱ्या पायवाटेने उतरू लागली.